नाहुआ लोकांच्या ज्वालामुखी-कथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिहुआत्ल या दोन ज्वालामुखींची प्रेमकथा बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. ती सांगितली की मागोमाग प्रश्न येतात, आणि ते बरेचसे तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नाहुआ म्हणजे नेमके कोण? अझ्टेक आणि नाहुआ एकच का?

नाहुआत्ल भाषा बोलणारे ते नाहुआ. आपण ज्यांना अझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. तेनोच्तित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको शहर, त्यांनी वसवलं. पण ते नाहुआंमधला फक्त एक गट. त्लास्कालाचे लोकही नाहुआच, आणि मेशिकांचे हाडवैरी. चाल्कोचे, तेश्कोकोचे, चोलुलाचेही नाहुआच. म्हणून ज्वालामुखीच्या प्रत्येक गोष्टीवर सरसकट 'अझ्टेक दंतकथा' अशी चिठ्ठी लावणं बरोबर नाही. त्यातल्या कितीतरी गोष्टी त्लास्कालाच्या बाजूने सांगितलेल्या आहेत आणि त्यांत अझ्टेक हे शत्रू आहेत.

आणखी एक. नाहुआ हे इतिहासजमा झालेले लोक नाहीत. 2020 च्या जनगणनेप्रमाणे मेक्सिकोत साडेसोळा लाखांच्या आसपास लोक नाहुआत्ल बोलतात.

2. पोपो आणि इस्ताची मूळ गोष्ट काय आहे? थोडक्यात सांगा.

'मूळ' या शब्दाबद्दल पुढच्या प्रश्नात. सर्रास सांगितली जाते ती गोष्ट अशी.

त्लास्कालाच्या सरदाराची मुलगी इस्ताक्सिहुआत्ल. रूपाने देखणी. तिचं मन बसलं पोपोकातेपेत्ल नावाच्या तरुण योद्ध्यावर. मेशिकांशी लढाई तोंडावर होती. बाप म्हणाला, जिंकून ये, मग मुलगी तुझी. पोपो निघून गेला. मागे राहिलेल्या एका मत्सरी प्रतिस्पर्ध्याने कंडी पिकवली की तो रणात पडला. इस्ताने ते खरं मानलं, अन्नपाणी सोडलं आणि झुरून गेली. इकडे पोपो जिंकून परतला तो तिच्या मृत्यूची बातमी ऐकायलाच. त्याने तिला उचललं, उंच डोंगरावर नेऊन निजवलं, हातात धुमसती मशाल घेतली आणि तिच्या पायाशी बसला. देवांना दया आली. त्यांनी दोघांवर बर्फाची चादर पांघरली आणि दोघांचे डोंगर झाले. ती आजही आडवी आहे, आणि त्याची मशाल अजून धुमसते.

काही पाठांत बाप मुळातच कपटी असतो. हे लग्न त्याला नको असतं, म्हणून तो पोपोला मुद्दाम दूर ओआहाकाच्या लढाईवर धाडतो.

3. ही कथा खरोखर अझ्टेक काळातली आहे का?

आज सांगतात त्या स्वरूपात नाही. सोळाव्या शतकातल्या ज्या लेखकांनी नाहुआंच्या देवदेवता, सण, कथा बारकाईने लिहून ठेवल्या, त्यांच्याकडे हे दोन्ही डोंगर येतात. पण युद्धावर गेलेला प्रियकर, खोटी बातमी, झुरून मेलेली राजकन्या यातलं काहीच येत नाही.

जुना धागा मात्र आहे. दिएगो मुन्योस कामार्गो हा त्लास्कालाचा इतिहासकार. बाप स्पॅनिश, आई त्लास्कालाची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने लिहून ठेवलं की इथले लोक हा ज्वालामुखी आणि शेजारचा हिमाच्छादित डोंगर यांना देव मानतात आणि ते नवरा-बायको आहेत असं म्हणतात. नवरा-बायको, एवढंच. शोकांतिका नंतर चढवलेली.

ती चढवली एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या साहित्याने. स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोला आपली म्हणता येईल अशी प्राचीन प्रेमकथा हवी होती, आणि दोन डोंगर समोर उभेच होते. होसे सांतोस चोकानो या पेरूच्या कवीने या जोडीवर लिहिलेली कविता खूप गाजली. मग आली कॅलेंडरं. हेसुस एल्गेरा या चित्रकाराने सिगारेट कंपनीच्या कॅलेंडरांसाठी रंगवलेला पिसांचा मुकुट घातलेला पिळदार योद्धा आणि त्याच्या मिठीत निपचित पडलेली गोरीपान राजकन्या मेक्सिकोच्या घराघरात, गॅरेजात, खानावळीत भिंतीवर लागली. आज इंटरनेटवर 'अझ्टेक चित्र' म्हणून जे फिरतं ते बहुधा हेच, 1940 च्या सुमाराचं.

म्हणून कथा खोटी ठरते का? माझ्या मते नाही. चार-पाच पिढ्यांनी आपल्या डोंगराकडे बोट दाखवून ती सांगितली, त्यांची ती झालीच. फक्त 'हजारो वर्षांपूर्वीची अझ्टेक दंतकथा' असं तिच्यावर लिहू नका.

4. मग जुन्या नाहुआ ग्रंथांत ज्वालामुखींच्या उत्पत्तीबद्दल काय आहे?

मला विचाराल तर प्रेमकथेपेक्षा हे कितीतरी जबरदस्त आहे, आणि याबद्दल विचारणारे मात्र थोडे.

नाहुआंच्या समजुतीप्रमाणे आपलं हे जग पाचवं. याआधी चार सूर्य, म्हणजे चार युगं, होऊन गेली आणि प्रत्येकाचा नाश वेगळ्या प्रकारे झाला. एकदा वाघांनी माणसं खाल्ली, एकदा वाऱ्याने सगळं उडवून नेलं, एकदा पुराने बुडवलं. (वाघ म्हणजे तिथला जॅग्वार.) तिसरं युग होतं 'चार पाऊस' या नावाचं, आणि तो पाऊस आगीचा होता. माणसं जळाली, उरली ती टर्की पक्षी झाली. नाहुआत्लमध्ये लिहिलेल्या सोळाव्या शतकातल्या इतिवृत्तांत हा प्रसंग आहे आणि त्यात पुढे म्हटलं आहे की आज आपल्याला जिकडेतिकडे दिसते ती खडी-वाळू तेव्हाच पसरली, तेसोन्त्ले तेव्हाच उकळून फेसाळला, आणि खडक तेव्हाच लालबुंद झाले.

तेसोन्त्ले म्हणजे ज्वालामुखीतून उडालेला तांबडा-काळा, भोकाभोकांचा हलका दगड. वितळलेल्या खडकातले वायू बाहेर पडताना त्याचा फेस होतो आणि तो तसाच थिजतो. जुन्या मेक्सिको शहराच्या कितीतरी वाड्यांच्या भिंती याच दगडाच्या आहेत. दगड हातात घेऊन पाहिलेल्या कुणीतरी विचार केला असणार की हा कधीतरी उकळलेला असला पाहिजे. तो तर्क अगदी बरोबर होता.

इथे एक फरक लक्षात घ्या. ही अमुक एका डोंगराच्या जन्माची गोष्ट नाही. ज्वालामुखीच्या सगळ्या प्रदेशाचं रूप असं का, याची ही गोष्ट आहे. 'हा डोंगर असा का' या प्रकारच्या गोष्टी प्रश्न 8 मध्ये आहेत.

5. डोंगर म्हणजे देव, माणूस की देवाचं घर? नक्की काय मानत?

तिन्ही, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ जाणकारांकडून माहिती गोळा करून बारा खंडांचा ग्रंथ तयार केला. 1577 च्या सुमारास पूर्ण झालेली त्याची हस्तलिखित प्रत आज फ्लोरेन्समध्ये आहे. त्यातलं वर्णन असं, की डोंगर वरून माती-दगडाचे दिसतात, पण आतून ते पाण्याने भरलेल्या रांजणांसारखे, घरांसारखे आहेत. ते फुटले तर जग बुडेल. नद्या त्यांच्यातूनच बाहेर पडतात. गावाला नाहुआत्लमध्ये शब्दच आहे आल्तेपेत्ल, 'पाणी-डोंगर'.

म्हणजे या लोकांच्या लेखी पोपोकातेपेत्ल हा आधी पाण्याचा धनी, आगीचा नंतर. आपल्याला ज्वालामुखी म्हटलं की लाव्हा आठवतो. पायथ्याच्या शेतकऱ्याला आठवतात तिथे जमणारे ढग, पाऊस आणि गारा. डोंगरांचा कारभार पावसाचा देव त्लालोक याच्याकडे होता, अग्निदेवाकडे नव्हता. याच रांगेत त्याच्या नावाचा चार हजार मीटरहून उंच डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर त्याच्या देवळाचे अवशेष आहेत.

इस्ताक्सिहुआत्लचीही स्वतंत्र पूजा होती. दिएगो दुरान या डॉमिनिकन पाद्र्याने तिच्या गुहेतल्या स्थानाबद्दल आणि तेनोच्तित्लानमधल्या तिच्या निळ्या वस्त्रातल्या लाकडी मूर्तीबद्दल लिहिलं आहे. तिथे ती देवी आहे, कुणाची विरहिणी नाही.

6. राजगिऱ्याचे डोंगर करून खात असत, हे खरं का?

खरं आहे, आणि उपासाला राजगिऱ्याचा लाडू खाणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचायलाच हवं.

तेपेइल्हुइत्ल हा डोंगरांचा सण. त्यात आणि पुढे आतेमोस्त्ली या महिन्यात राजगिऱ्याच्या कणकेचे, म्हणजे त्सोआलीचे, छोटे डोंगर करत. साहागुनने त्यांची नावंही दिली आहेत. त्यांत पोपोकातेपेत्ल आहे, इस्ताक्सिहुआत्ल आहे, मात्लाल्कुएये आहे. प्रत्येकाला माणसाचा चेहरा. दातांच्या जागी भोपळ्याच्या बिया, डोळ्यांच्या जागी काळ्या घेवड्याचे दाणे. अंगावर कागदाची वस्त्रं, त्यांवर वितळलेल्या रबराचे थेंब शिंपडलेले. रात्रभर जागर, गाणी, आणि पुढ्यात बोटाएवढ्या चिमुकल्या तामालेंचा नैवेद्य. (तामाले म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ.) सकाळी हातमागावर बाणा ठोकायची लाकडी पट्टी घेऊन त्या डोंगरांची छाती फोडायची, आतून 'काळीज' काढायचं, मान कापायची, आणि मग घरादाराने मिळून ते खायचं.

हे कोण करत? संधिवाताने हातपाय आखडलेले, लुळे पडलेले, बुडता बुडता वाचलेले. थंडी-वाऱ्याचे आजार डोंगरांकडून येतात असा समज होता, म्हणून बरं वाटावं यासाठी डोंगरांना नवस बोलत आणि असा फेडत.

मिशनऱ्यांना हे फार खटकलं. देवाचं शरीर धान्यातून घडवून खायचं, हे त्यांच्या स्वतःच्या विधीच्या फारच जवळ जात होतं. राजगिरा मात्र टिकला. तो मूळचा अमेरिका खंडातला, आपल्याकडे बराच नंतर आला. मेक्सिकोत त्याच्या लाह्यांच्या वड्यांना आलेग्रिया म्हणतात. आपल्या चिक्कीच्या शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. या वड्यांसाठी नावाजलेलं तुल्येहुआल्को हे गाव तेउत्ली नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशीच आहे. तेउत्लीची गोष्ट प्रश्न 8 मध्ये.

7. इस्ता हा खरंच ज्वालामुखी आहे का? आणि ती निजलेली बाई कुठून दिसते?

हो, ज्वालामुखीच आहे, पण एका तोंडाचा नाही. अनेक मुखं ओळीने फुटून तयार झालेली ती लांबट रांग आहे, म्हणून तिला शंकूचा आकार नाही. उंची सुमारे 5230 मीटर. हजारो वर्षांत तिचा मोठा उद्रेक झालेला नाही. पोपोकातेपेत्ल सुमारे 5426 मीटर, नीटस शंकू, आणि जागा. एक निजलेली, एक धुमसणारा. कथेला यापेक्षा अधिक काय हवं?

आकृती नीट दिसते ती पश्चिमेकडून, आमेकामेका गावाच्या बाजूने आणि हवा स्वच्छ असेल तर मेक्सिको शहरातूनही. गिर्यारोहकांच्या नकाशावरही तिची शिखरं 'डोकं', 'छाती' आणि 'पाय' अशीच आहेत. सर्वांत उंच छाती. पाय पोपोच्या दिशेला, म्हणून कथेत तो पायाशी बसतो.

ती मेली की झोपली, असंही विचारतात. कथा मेली म्हणते, लोक तिला 'निजलेली बाई' म्हणतात. दोन्ही चालतं. तिच्या नावात पांढरा रंग आहे, तो मात्र ओसरत चालला आहे. तिच्या अंगावरची आयोलोको ही हिमनदी संपल्याचं मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जाहीर केलं आणि 2021 मध्ये तिथे तशी पाटी बसवली.

8. आम्ही ऐकलेल्या कथेत तिसराच एक डोंगर होता. मग कोणती खरी?

जितकी गावं तितके पाठ. ज्या गावाला जो डोंगर समोर दिसतो, तो त्या गावच्या कथेत शिरतो.

तोलुकाकडे शिनान्तेकात्ल नावाचा साडेचार हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे. त्याचा माथा सपाट, आत विवर आणि विवरात दोन तळी. तिकडे सांगतात की त्याचाही डोळा इस्तावर होता. दोघांची जुंपली, पोपोने बर्फाचा प्रचंड तुकडा भिरकावला आणि याचं मुंडकं उडालं. सपाट माथ्याचं इतकं चोख स्पष्टीकरण दुसरं मिळणार नाही.

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्तामध्ये तेउत्ली हा बुटका ज्वालामुखी गावाचा राखणदार. तिथल्या कथेत तोही इस्ताच्या प्रेमात असतो. त्लास्कालाच्या बाजूला मात्लाल्कुएये ही डोंगररूपी देवी, निळ्या घागऱ्याची. उंची 4400 मीटरच्या वर. आज नकाशावर तिचं नाव ला मालिंचे आहे, मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या नाहुआ दुभाषी स्त्रीवरून पडलेलं. तिच्या जवळ कुआत्लापांगा नावाची एक फुटक्या माथ्याची टेकडी आहे, आणि तिथल्या कथेत तो तिचा प्रियकर. इस्ता-पोपो त्या गोष्टीत कुठेच नाहीत.

यांतली 'खरी' कोणती हा प्रश्नच गैरलागू आहे. कोणत्या गावची, असं विचारा.

9. मेक्सिकोतलं सर्वांत उंच शिखर सित्लाल्तेपेत्ल. त्याची काही कथा नाही का?

आहे, आणि ती केत्साल्कोआत्ल या देव मानल्या गेलेल्या राजाशी जोडलेली आहे. साहागुनच्या तिसऱ्या खंडात 'तुला' नावाचं नगर सोडून पूर्वेला निघालेल्या केत्साल्कोआत्लचा प्रवास येतो. त्याच्या सोबत त्याचे बुटके आणि कुबडे सेवक असतात. पोपोकातेपेत्ल आणि पांढरा डोंगर, म्हणजे इस्ता, यांच्या मधल्या खिंडीतून जाताना बर्फ पडतो आणि ते सगळे गारठून मरतात. तो रडतो, शोकाचं गाणं म्हणतो, आणि मग लांबवर त्याला पोयाउतेकात्ल दिसतो. हे सित्लाल्तेपेत्लचं, म्हणजे आजच्या पिको दे ओरिसाबाचं, जुनं नाव. उंची 5636 मीटर. या डोंगरांबद्दलचा सगळ्या जुन्या लिखाणातला हा माझ्या मते सर्वांत हृदयस्पर्शी उतारा. त्यात कुणाचा डोंगर होत नाही, कुणी सूड घेत नाही. एक हरलेला राजा थंडीत आपली माणसं गमावतो, बस्स.

इंटरनेटवर फिरणारी दुसरी कथा नाहुआनी या स्त्री योद्ध्याची आणि तिच्या गरुडाची. ती लढाईत पडते, गरुड दुःखाने उंच झेपावून जमिनीवर कोसळतो आणि तिथे डोंगर उभा राहतो. ही कथा ओल्मेक या नाहुआंच्या फार आधीच्या लोकांची म्हणून सांगतात, पण त्यातली नावं नाहुआत्ल वळणाची आहेत. ती प्राचीन ओल्मेक म्हणून पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

10. स्पॅनिश लोकांनी या डोंगरांचं काय केलं?

आधी चढले. 1519 मध्ये कोर्तेसची फौज या दोन डोंगरांमधल्या खिंडीतून आली. आज त्या खिंडीला पासो दे कोर्तेस म्हणतात. त्याच वर्षी दिएगो दे ओर्दास पोपोवर चढला आणि पुढे त्याला राजाकडून ज्वालामुखीचं चित्र असलेलं मानचिन्ह मिळालं. तेनोच्तित्लान पडल्यावर फ्रान्सिस्को दे मोंतान्यो दोराने विवरात उतरला आणि गंधक घेऊन आला, कारण बंदुकीची दारू संपत आली होती.

11. 'दोन गोयो' कोण? पोपोला लोक असं का म्हणतात?

गोयो हे ग्रेगोरिओचं लाडकं रूप, आणि 'दोन' हा इथे आकडा नाही, तो स्पॅनिश मानाचा शब्द, म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'शेठ'. जुन्या दिनदर्शिकेत 12 मार्च हा संत ग्रेगरीचा दिवस, तोच पोपोचा वाढदिवस. इस्ताचा वाढदिवस 30 ऑगस्टला, संत रोसाच्या दिवशी, म्हणून तिचं नाव रोसिता.

प्वेब्ला राज्यातलं सान्तियागो शालित्सिन्त्ला हे विवराच्या सर्वांत जवळच्या गावांपैकी एक. तिथले लोक 12 मार्चला पोपोच्या अंगावरच्या 'एल ओंब्लिगो', म्हणजे बेंबी, नावाच्या ठिकाणी जातात. सोबत मोले (मसालेदार रस्सा), फळं, फुलं, मद्य आणि डोंगरासाठी कपडे. नुसतं सांकेतिक कापड नाही, खरोखरचा पोशाख. काय हवं ते दोन गोयो स्वतः स्वप्नात येऊन सांगतो, आणि ते स्वप्न पडतं गावच्या तिएंपेरोला.

तिएंपेरो म्हणजे हवामान सांभाळणारा. त्याला ग्रानिसेरो असंही म्हणतात, गारा अडवणारा म्हणून. हे पद शिकून मिळत नाही. वीज अंगावर पडून जो वाचतो त्याला डोंगराने निवडलं, असं मानतात. 3 मे, क्रुसाचा सण, हा पाऊस मागायचा दिवस. क्रूस ख्रिस्ती, संत ख्रिस्ती, मागणं मात्र प्रश्न 5 मधलंच, की पाणी सोड आणि गारा आवर.

उद्रेकाआधी गावात एक अनोळखी म्हातारा फिरताना दिसतो, कुणाकडे जेवण मागतो, आणि तो दोन गोयोच असतो, असंही तिथे सांगतात.

12. मग उद्रेक होतो तेव्हा तो रागावला असं मानतात का? लोक गाव सोडतात का?

शांत असलेला पोपो 21 डिसेंबर 1994 ला जागा झाला आणि तेव्हापासून कमीजास्त धुमसतोच आहे. डिसेंबर 2000 मध्ये पायथ्याच्या हजारो लोकांना हलवलं. मे 2023 मध्ये राखेमुळे शाळा आणि विमानतळ बंद ठेवावे लागले आणि सरकारने इशाऱ्याची पातळी वाढवली.

दरवेळी काही लोक हलायला तयार नसतात, आणि बातम्यांत त्याचं कारण 'अंधश्रद्धा' असं एका शब्दात संपवलं जातं. पण घर, गुरं, शेत मागे टाकून जायचं आणि परत आल्यावर चोरी झालेली सापडायची, ही भीतीही त्यात असते. दोन गोयोवरचा विश्वास खरा आहेच, की तो आपला आहे, आपल्याला मारणार नाही. राग येतो असं म्हणणारेही आहेत, पण 'तो श्वास घेतोय, त्याला मोकळं व्हायचंय' असं म्हणणारेही बरेच.

13. पारिकुतिन तर लोकांच्या डोळ्यांदेखत जन्मला. त्याची कथा नाहुआ आहे का?

नाही. 20 फेब्रुवारी 1943 ला मिचोआकानमधल्या दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फुटली आणि ज्वालामुखी वर आला. 1952 पर्यंत तो चालू होता. सान हुआन पारांगारिकुतिरो हे गाव लाव्हाखाली गेलं, चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला. पण तो मुलूख पुरेपेचा लोकांचा. त्यांची भाषा नाहुआत्लच्या कुळातली नाही आणि त्यांच्या श्रद्धाही वेगळ्या. त्यामुळे या यादीत तो बसत नाही.

14. मेक्सिकोबाहेर नाहुआ आहेत का? तिथे ज्वालामुखींच्या कथा आहेत का?

आहेत. निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरात ओमेतेपे बेट आहे, दोन ज्वालामुखी जोडून झालेलं: कोन्सेप्सियोन आणि मादेरास. नाव नाहुआतच, 'दोन डोंगर'. इथली कथा ओमेतेपेत्ल ही मुलगी आणि शत्रूच्या टोळीतला नाग्रांदो यांची. लग्नाला विरोध, दोघं पळतात, शेवटी जीव देतात. तिच्या रक्ताने सरोवर भरतं आणि तिची छाती दोन ज्वालामुखी होऊन पाण्यावर राहते. नाग्रांदोचं सापातेरा बेट होतं. प्रश्न 2 मधल्या कथेशी साम्य उघड आहे, पण इथे प्रेताचाच भूगोल होतो.

एल साल्वादोरमध्ये पिपिल लोक आहेत. त्यांची 'नावात' (Nawat) ही भाषा नाहुआत्लची सख्खी बहीण. त्यांच्या मुलखात 1770 मध्ये इसाल्को हा नवा ज्वालामुखी उगवला आणि जवळपास दोन शतकं इतका नेमाने पेटत राहिला की दर्यावर्दी त्याला 'पॅसिफिकचा दीपस्तंभ' म्हणत. पारिकुतिनसारखाच डोळ्यांदेखत जन्म, आणि तोही नाहुआ मुलखात.

15. या कथांमागे खऱ्या उद्रेकांची आठवण असेल का?

दोन ठिकाणी तसा मोह होतो.

पोपोच्या ईशान्य उतारावर तेतिंपा नावाचं गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या उद्रेकात राखेखाली गेलं. उत्खननात घरांच्या अंगणात छोट्या ज्वालामुखीच्या आकाराच्या वेद्या सापडल्या, वरून धूर निघेल अशी सोय असलेल्या. म्हणजे डोंगर समोर धुमसतोय, आणि अंगणातही त्याचं धुमसणारं रूप मांडलंय. प्रश्न 6 मधल्या राजगिऱ्याच्या डोंगरांच्या जवळपास पंधरा शतकं आधी.

दुसरं ठिकाण कुइकुइल्को, मेक्सिको शहराच्या दक्षिणेला. तिथला गोल पिरॅमिड शित्ले या ज्वालामुखीच्या लाव्हाने वेढला. आजच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा परिसर त्याच लाव्हावर उभा आहे.

पण तेतिंपा किंवा कुइकुइल्कोचे लोक नाहुआत्ल बोलत होते असं म्हणायला आधार नाही. हे लोक नाहुआंचे थेट पूर्वज असतील किंवा नसतील. डोंगराला घरात आणून पुजायची रीत या मुलखात फार जुनी आहे आणि नाहुआंनी ती चालवली, इतपतच मी म्हणेन. आगीच्या पावसाची कथा (प्रश्न 4) शित्लेवरूनच आली, हे सिद्ध करता येणार नाही.

16. या भागाशी मराठी माणसाचा काही संबंध आहे का?

एक ठसठशीत संबंध आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चापिंगो तेश्कोकोजवळ, याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं.

17. शाळेच्या कार्यक्रमात ही गोष्ट सांगायची आहे. कोणती निवडू?

लहान मुलांना शिनान्तेकात्लचं मुंडकं उडतं ती (प्रश्न 8). हमखास हसतात. मोठ्यांना प्रश्न 2 मधली, पण शेवटी प्रश्न 3 मधली चार वाक्यं जोडा. नाटक बसवणार असाल तर राजगिऱ्याचे डोंगर करा. साहित्य वाण्याकडे मिळतं, आणि प्रयोग संपल्यावर प्रसादही होतो. पिसांचे मुकुट आणि तोंडाला रंग हे टाळलं तर बरं. तो थाट एल्गेराच्या कॅलेंडरातला वाटतो.

18. प्रत्यक्ष बघायला जायचं तर? चढता येतं का?

पोपोवर नाही. 1994 पासून चढाई बंद आहे आणि विवरापासून 12 किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना आहे. इस्तावर चढता येतं, पण पाच हजार मीटरच्या वरची उंची आहे, तेव्हा हवेची सवय करून आणि वाटाड्या घेऊनच. नुसतं बघायचं असेल तर मेक्सिको शहरातून बसने आमेकामेका गाठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे आकाश स्वच्छ असतं, दुपारनंतर ढग चढतात. पासो दे कोर्तेसपर्यंत गाडी जाते, पण ती खिंड साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. स्वेटर न्या, आणि निघण्याआधी त्या दिवसाचा ज्वालामुखीचा इशारा पाहून घ्या. तो वाढलेला असेल तर रस्ता बंद असतो.